द्वारकाबाईची विहीर आणि अठरा मीटरचा पट्टा

"मी पाइपलाइनवर नोकरीला होतो," असं सांगितलं की लोक मला घरातला गळका नळ दाखवतात. आमच्या सोसायटीत असं दोनदा झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर पाना आणून थेट हातातच दिला. आता त्यांना काय सांगायचं? की बाई, माझी पाइपलाइन मुंबईच्या अंगाने निघते, घाट चढते, सिन्नरच्या माळावरून मनमाडच्या बाजूला जाते, तिथून पुढे मध्य प्रदेश ओलांडून पार उत्तरेला पोचते, आणि तिच्यातून पाणी वाहत नाही. नळ मात्र मी दुरुस्त करून दिला. वायसर गेलं होतं.

गावागावांत तिला "ग्यासची लाइन" म्हणत. गॅस तिच्यात कधीच नव्हता. आमच्या वाट्याला आलं होतं पेट्रोल, रॉकेल आणि डिझेल. पण एकदा लोकांच्या तोंडी बसलं की बसलं. "ग्यासवाले साहेब आले" म्हणत पोरं जीपच्या मागे धावायची, आणि मोठी माणसं बसल्या जागेवरून माझ्याकडे अशी बघायची, की मी कोंबडी चोरायलाच आलोय.

नव्वदच्या दशकात लाइन टाकायला सुरुवात झाली तेव्हापासून मी तिच्यावर होतो. माझं काम पाइपाच्या आतलं नव्हतं, वरचं होतं. पाइप जमिनीत पुरुषभर खोल जातो. त्याच्यावर साधारण अठरा मीटर रुंदीचा पट्टा कंपनीच्या ताब्यात असतो. ताब्यात म्हणजे जमीन शेतकऱ्याचीच, सातबारा त्याचाच, फक्त पोटात पाइप आमचा. वर कांदा घ्या, गहू घ्या, हरभरा घ्या. झाड लावायचं नाही, विहीर खोदायची नाही, घर बांधायचं नाही. एवढी साधी गोष्ट, पण ती समजावता समजावता माझे केस गेले. "सरकार एवढं दयाळू कधीपासून झालं?" असं एका म्हाताऱ्याने मला विचारलं होतं. शंका मलाही तीच होती.

संशय माझ्या रक्तातच आहे. आम्ही मखमलाबादचे माळी. वडील पहाटे फुलांच्या पाट्या घेऊन बाजारात जायचे. झेंडू पाणी मारून जड केलाय का हे ते नुसत्या हातावर तोलून सांगत. गिऱ्हाईक फार गोड बोलायला लागलं की त्यांचा हात आपोआप पाटीवर जायचा. "गोड बोलणाऱ्याला आधी माल दाखवायचा नाही, आधी त्याचे पाय बघायचे, कुठून आलाय ते कळतं," हे त्यांचं म्हणणं. मी त्यांचाच मुलगा. बायको म्हणते, "तुम्ही आरतीच्या ताटातला कापूरसुद्धा हुंगून बघता." बघतो. भेसळ असते हो हल्ली.

तर अशा माणसाला कंपनीने शेतकऱ्यांच्या पट्ट्यावर नेमलं. देवाने जोडी बरोबर जमवली.

लाइनची आखणी झाली, खुंट्या ठोकल्या, की मग काही आठवड्यांनी पंचनामा व्हायचा. त्या दिवशी पट्ट्यात जे उभं असेल त्याची नुकसानभरपाई. खुंट्या आणि पंचनामा यांच्यामधले ते आठवडे म्हणजे चमत्कारांचा हंगाम. जिथे कुसळं होती तिथे डाळिंब उगवायचं. एका गावात तर आखणीच्या बरोब्बर मधोमध देव उगवला. शेंदूर फासलेला धोंडा, पुढे नारळ, वर भगवं फडकं. "साहेब, पणज्याच्या काळापासनं हाय हा म्हसोबा," असं सरपंच हात जोडून म्हणाले. मीही भक्तिभावाने वाकलो आणि देवाला हात लावला. बोटं लाल झाली. शेंदूर ओला होता. मी बोटं सरपंचांना दाखवली, ते म्हणाले, "कालच चढवला." मी म्हणालो, "आणि त्याच्या आधी?" ते म्हणाले, "आधी बी चढवायचोच की." शेवटी साहेबांनी लाइन थोडी सरकवली. देव खरा की खोटा हे ठरवायला इंजिनियर लागत नाही आणि कोणी इंजिनियर तयारही होत नाही. आज तिथे पक्कं देऊळ आहे, चैत्रात जत्रा भरते. मी जातो कधीकधी. नवसाला पावतो म्हणतात.

अशाच एका पंचनाम्यात मला द्वारकाबाई भेटल्या.

सिन्नर तालुक्यातलं गाव. नाव लिहीत नाही, माणसं हयात आहेत. द्वारकाबाईंचा नवरा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात पाळीवर जायचा, शेती सगळी बाई बघायच्या. तिशीतल्या, उंच, बोलायला फटकळ. आखणीच्या वेळी त्यांच्या पट्ट्यात कांद्याची वाळलेली पात होती, हे मला पक्कं आठवत होतं. पंचनाम्याला गेलो तर द्राक्षाच्या आठ ओळी. काड्या, बांबू, सुतळी, सगळं टापटीप. तलाठी, कोतवाल, पंच आणि निम्मं गाव बांधावर उभं.

मी एका काडीपाशी गेलो आणि दोन बोटांनी वर ओढली. वाफ्यातला मुळा उपटावा तशी आली. खाली मूळ नाही, तिरका ताजा छाट. दुसरी ओढली, तिसरी ओढली. गाव हसायला लागलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू.

द्वारकाबाई लाजल्या वगैरे अजिबात नाहीत. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सगळ्यांनीच खोचल्यात साहेब. माझ्याच उपटायच्या व्हत्या व्हय?"

"सगळ्यांच्या उपटणार आहे," मी म्हणालो.

"मग उपटा. पण लोकांनी हसावं म्हणून उपटू नका."

ते वाक्य मला लागायला हवं होतं. लागलं नाही. त्या दिवसापासून अख्ख्या पट्टीत माझं नाव "मुळं बघणारा साहेब" पडलं, आणि मी ते पदवीसारखं मिरवलं. नवीन रुजू होणाऱ्यांना मी ती गोष्ट सांगायचो. "शेतकरी बोलतो ते ऐकायचं, लिहायचं नाही. आधी उपटून बघायचं."

लाइन सुरू झाली, गावं निवळली. पट्ट्यावर पुन्हा कांदा आला. आमचं काम आता पहाऱ्याचं झालं. प्रत्येक सात-आठ किलोमीटरला एक लाइनवॉकर, म्हणजे पट्ट्यावरून रोज चालत जाणारा माणूस. खाकी शर्ट, हातात काठी, खांद्याला पिशवी, पिशवीत डायरी. कुठे नवीन खोदकाम, कुठे पावसाने माती वाहिली, कुठे जेसीबी आला, हे त्याने डायरीत लिहायचं आणि ते मी रोज वाचायचं. द्वारकाबाईंच्या गावावरचा लाइनवॉकर होता कारभारी. कारभारी हे त्याचं नावच. आमच्या भागात कितीतरी जणांचं असतं. चाळिशीचा, शांत, अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण एक दिवस चुकवायचा नाही.

इथे पाइपाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. एकाच पाइपातून तिन्ही जिन्नस जातात. काही तास पेट्रोल, त्याच्या पाठीला पाठ लावून रॉकेल, त्याच्यामागे डिझेल. मधे पडदाबिडदा काही नाही. जिथे दोघांची गाठ पडते तिथे थोडी सरमिसळ होते, ती शेवटच्या टोकाला वेगळ्या टाकीत काढतात. म्हणजे आमच्या पट्ट्यावर तुम्ही उभे असाल तर तुमच्या पायाखालून सोमवारी पेट्रोल जात असेल आणि मंगळवारी रॉकेल. वरून काही कळत नाही. हे सगळं मी पाहुण्यांना, पत्रकारांना, शाळेच्या सहलींना शेकडो वेळा समजावून सांगितलंय. खडूने फळ्यावर काढूनसुद्धा दाखवलंय.

आणि लाइन जशी वाढली, मनमाडच्या पुढे दुसऱ्या राज्यात गेली, तशी चोरीही वाढली. चोर पट्ट्यात खड्डा खणतात, वाहत्या पाइपाला नळी जोडतात, ती जमिनीखालून लांब कुठल्या तरी शेडपर्यंत नेतात आणि माती लोटून देतात. वर कांदा डोलत असतो. दर काही महिन्यांनी कुठल्यातरी जिल्ह्यातून बातमी यायची. आमच्या पट्टीत अजून काही सापडलं नव्हतं, आणि साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "सापडलं नाही म्हणजे नाही असं नाही." मला सांगायची गरज नव्हती. मी तर लाइनजवळ थांबलेल्या बैलगाडीकडेसुद्धा वळून बघत होतो.

अशात एक दिवस द्वारकाबाई आमच्या ऑफिसात आल्या. हातात पाण्याची प्लॅस्टिकची बाटली.

"साहेब, माझ्या हिरीच्या पाण्याला वास येतोय. तुमच्या लाइनीचा."

मी बाटलीचं झाकण उघडलं. रॉकेल. स्पष्ट.

"घरात स्टोव्ह आहे?" मी विचारलं.

"हाय की."

मी नुसतं हसलो. त्यांनी माझं हसणं बघितलं आणि तोंड बारीक केलं. म्हणाल्या, "मी वतून आणलं असं वाटतंय ना तुम्हाला?"

"मी तसं म्हणालो का? बरं, वास कधीपासून?"

"धा-बारा दिस झालं. कधी रॉकेलसारका येतो, कधी फटफटीच्या टाकीसारका."

"नक्की कुठला?"

"दोन्ही. बदलतो."

"बदलतो म्हणजे? वास कसा बदलेल?"

"आता ते मला काय ठाऊक? तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा."

मी वहीत लिहिलं: तक्रारदार निश्चित सांगू शकत नाहीत, जबाब बदलतात. माझ्या धंद्यात हा खोट्याचा पहिला पुरावा. खरं बोलणारा एकच गोष्ट सांगतो, असं मी नवीन पोरांना शिकवायचो.

तरी नियमाप्रमाणे पाहणीला गेलो. विहीर पट्ट्यापासून बरीच आत, उताराला. त्या काळात भारनियमन इतकं होतं की विजेची मोटर म्हणजे शोभेची वस्तू. सगळ्यांच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन बसलेलं. द्वारकाबाईंच्याही होतं. जुनं, काळंकुट्ट, खाली तेलाचं थारोळं. विहिरीत डोकावलं तर पाण्यावर सप्तरंगी तवंग. मी तवंगाकडे बोट केलं, मग इंजिनाकडे केलं.

"हे घ्या तुमचं उत्तर. इंजिन गळतंय."

"इंजिनाला डिझेल असतं साहेब," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी काय डिझेलचा वास वळखत नाय? ह्ये येगळं हाय. म्हस तोंड लावंना. ल्येकीला वकाऱ्या झाल्या."

"डॉक्टरला दाखवा."

"आन् बाग? छाटणी झालीय. आत्ता पाणी दिलं नाय तर फुटवा जळंल, ह्ये पाणी दिलं तर मुळं जळतील. काय करू सांगा."

विहिरीपलीकडे त्यांची द्राक्षबाग होती. पट्ट्याच्या बाहेर, चार वर्षांची, मांडव चढलेली. म्हणजे बाईंनी मधल्या काळात खरंच द्राक्ष लावलं होतं. मी बघितलं, आणि माझ्या मनात काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मनात आलं, आता हिला ह्या बागेची भरपाई पाहिजे.

परत निघालो तर कारभारी बांधावर उभा. त्याने टोपी काढली. "साहेब, बाई खरं बोलतेय. मी सवता वास घेतलाय. आन् लाइनीच्या खुणेचा पोस्ट हाय ना, त्याच्या अलीकडं माती पोकळ लागतीय पायाला. डायरीत लिवलंय मी."

"तुझी कोण लागते ही?"

त्याने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मग म्हणाला, "मावसबहीण."

झालं! गावात कोण कोणाची मावसबहीण नसते? पण मला तेवढं पुरलं. ऑफिसात येऊन मी अहवाल लिहिला: तक्रारीत तथ्य आढळत नाही, विहिरीवरील इंजिनाची गळती दिसून येते. आणि दुसऱ्या कागदावर कारभारीची बदली लिहिली, घाटाच्या बाजूला, घरापासून लांब. त्याच्या जागी बाहेरगावचा माणूस आणला. नात्यागोत्याचा माणूस त्या पट्टीवर नको, हे कारण. नवीन माणूस पट्ट्यावर चालायचा, डायरीत "सर्व ठीक" लिहायचा. त्याच्या पायाला पोकळ आणि भरीव यातला फरक कळत नव्हता. ती जमीन त्याची नव्हतीच.

पंधरा दिवसांनी द्वारकाबाई पुन्हा आल्या. या वेळी चार बाटल्या होत्या. प्रत्येक बाटलीला चिंधी बांधलेली, चिंधीवर लेकीच्या शाळकरी अक्षरात वार आणि तारीख. "ज्या दिशी काढलं त्या दिशीचं नाव घातलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणता ना मी बदलते. बघा कोण बदलतंय ते."

"ठेवा तिथे," मी म्हणालो. फोनवर होतो. त्यांनी बाटल्या खिडकीत ओळीने ठेवल्या. थोडा वेळ उभ्या राहिल्या, मी मान वर केली नाही, मग गेल्या. बाटल्या तशाच राहिल्या. शिपायाने एकदा विचारलं, फेकू का. मी म्हटलं, राहू दे, पुरावा आहे. कोणाविरुद्ध पुरावा, तर बाईविरुद्ध!

त्यानंतर दोन आठवडे गेले असतील. मी दुसऱ्याच कामासाठी कंट्रोल रूममध्ये बसलो होतो. भिंतीवर तक्ता होता: कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठला जिन्नस आमच्या भागातून जाणार. दर आठवड्याला लागतो तो तक्ता. मी तो वर्षानुवर्षं बघत आलोय, घड्याळाकडे बघावं तसा. ऑपरेटर कोणाला तरी फोनवर सांगत होता, "रॉकेल संपलं, आता पेट्रोल तुमच्याकडे पोचेल."

मी चहा घेत होतो. कप तसाच हातात राहिला.

कधी रॉकेलसारखा, कधी फटफटीच्या टाकीसारखा. दोन्ही. बदलतो.

अहो, जगात अशी कुठली गोष्ट आहे जी एका दिवशी रॉकेल असते आणि दुसऱ्या दिवशी पेट्रोल? स्टोव्ह नाही. इंजिन नाही. ती एकच गोष्ट आहे आणि तिच्यावर मी पोट भरत होतो! बाईंनी मला चोख पुरावा दिला होता, असा पुरावा जो खोटा रचणाऱ्याला सुचलाच नसता. आणि मी तो "जबाब बदलतात" म्हणून वहीत नोंदवून ठेवला होता.

जुने तक्ते मागून घेतले. ऑफिसात गेलो, दार लावलं, खिडकीतल्या बाटल्या टेबलावर मांडल्या. पहिलीची चिंधी वाचली, तक्त्यावर तारीख शोधली, मग झाकण उघडलं. रॉकेल. तक्त्यावर रॉकेल. दुसरी पेट्रोल, तक्त्यावर पेट्रोल. तिसरी पुन्हा पेट्रोल. चौथीच्या वेळी मला झाकण उघडायचा धीर होईना. पण उघडली. तीही बरोबर होती.

त्याच दुपारी पथक घेऊन गेलो. यंत्राने पाइपावरचं आवरण तपासत चाललो आणि कारभारीने सांगितलेल्या पोस्टच्या अलीकडेच काटा हलला. खणलं. पाइपाला बेमालूम जोडलेला व्हॉल्व्ह, त्याला काळी नळी, नळी उताराने बांधाखालून रस्त्याकडे. ती पोचत होती एका कोंबड्यांच्या शेडमध्ये. शेड कोणीतरी बाहेरच्यांनी भाड्याने घेतलेलं. आत कोंबड्या होत्या, खऱ्याखुऱ्या, आणि त्यांच्या मागे पडदा टाकून टाक्या. त्या शेडवरून माझी जीप आठवड्यातून तीनदा जायची. दर वेळी मी नाकाला रुमाल लावायचो आणि ड्रायव्हरला म्हणायचो, "दाब जरा, वासाने जीव चाललाय." जगातल्या प्रत्येक गोष्टीचा वास घेणारा मी, नेमका तिथे रुमाल लावत होतो. चोरांनी माणसाच्या नाकाचा अभ्यास माझ्यापेक्षा चांगला केला होता.

नळीचा एक सांधा विहिरीच्या वरच्या अंगाला गळत होता. जेव्हा जेव्हा ते माल ओढायचे, तेव्हा तेव्हा द्वारकाबाईंच्या झऱ्यात उतरायचा. पहिल्या तक्रारीच्या दिवशी मी खणलं असतं तर पाणी पुढे साफ होऊन गेलं असतं, असं नंतर आलेल्या तज्ज्ञाने सांगितलं. त्याला माहीत नव्हतं की तो कोणाला सांगतोय. महिनाभराने मात्र ते मुरमात खोलवर मुरलं होतं.

बाग अर्धी गेली. बाईंनी पहिले दिवस लांबून हंड्याने पाणी घातलं, मग हात टेकले. एवढ्या वेलींना माणूस हंड्याने कुठवर पुरणार? पंचनाम्याला मलाच जावं लागलं, नियम तसाच होता. तेच तलाठी, तेच बांधावरचे लोक. या वेळी कोणी हसत नव्हतं. मी वाळलेल्या वेलींसमोर कागद घेऊन उभा राहिलो.

द्वारकाबाई म्हणाल्या, "उपटून बघा साहेब. मुळं हायत का न्हाईत."

मी म्हणालो, "बाई, माझं चुकलं." चारचौघांत म्हणालो, एवढंच माझ्या बाजूने. त्या वळल्या. तलाठ्याला म्हणाल्या, "लिवा भाऊसाहेब, ऊन व्हतंय."

पुढचं सांगतो, तेही ऐका. कंपनीने माझा सत्कार केला. दक्षतेबद्दल. शाल, नारळ आणि चौकटीतलं प्रशस्तिपत्र. अहवालात मी लिहिलं होतं, "पाहणीदरम्यान आढळून आले." कोणाच्या पाहणीदरम्यान ते लिहिलं नव्हतं. चार बाटल्यांचा त्यात उल्लेख नाही. स्टेजवर उभा राहून मी टाळ्या घेतल्या. कारभारीला परत बोलावलं, तर तो नाही म्हणाला. "तिकडं बी बरं हाय साहेब. तिकडं आपलं कोणी नाय, त्यामुळं खरं बोललं तर चालतं." इतकं शांतपणे म्हणाला की शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

कंपनीने विहीर उपसली, गाळ काढला, पुन्हा उपसली. तोवर टँकर लावून दिला. पावसाळे गेले. दर काही महिन्यांनी पाण्याचा नमुना तपासायला जायचा. शेवटी एकदा कागद आला: पाणी पिण्यास योग्य. टँकर बंद झाला.

नंतर काही वर्षांनी लाइन आणखी वाढवायचं ठरलं. उत्तरेकडची मागणी वाढली होती, एक पाइप पुरेना. त्याच पट्ट्यात दुसरा पाइप टाकायचा. पुन्हा आखणी, पुन्हा पंचनामे, पुन्हा सह्या. तरुण अधिकारी सगळे लॅपटॉपवाले, त्यांना बांध आणि बंधारा यातला फरक कळत नव्हता. साहेब मला म्हणाले, "त्या गावात तुम्हीच जा. तुमची ओळख आहे." माझी निवृत्ती तोंडावर आली होती. गेलो.

द्वारकाबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. केस पिकले होते. लेक लग्न होऊन वणीकडे दिली होती, नवरा कारखान्यातून रिटायर होऊन घरीच होता. मला बघून त्या उठल्या नाहीत, पण हाकललंही नाही. मी सगळं सांगितलं: दुसरा पाइप येणार, आता पहारा जास्त कडक, पाइपावर आतून नजर ठेवणारी यंत्रं आलीत, तसं पुन्हा होणार नाही. त्या ऐकत होत्या. मग विचारलं, "पाणी कसं हाय म्हणता आता माझ्या हिरीचं?"

मी पिशवीतून कागद काढला. प्रयोगशाळेचा, शिक्क्याचा. "चांगलं आहे. पिण्यास योग्य. हे बघा, लिहून दिलंय."

"तुमच्या कंपनीनं?"

"हो. कंपनीनंच तपासून घेतलं."

त्या आत गेल्या आणि तांब्याभांडं घेऊन आल्या. भांडं भरून माझ्यापुढे ठेवलं. "उन्हातनं आलाय. घ्या."

तहान लागली होती मला. सकाळपासून फिरत होतो. भांडं हातात घेतलं. पाणी स्वच्छ होतं, तळ दिसत होता. ते ओठांपर्यंत नेलं, आणि हात थांबला. काय झालं ते अजून सांगता येत नाही. कागद माझ्याच मांडीवर होता, मीच वाचून दाखवला होता, त्यावर माझीही सही होती. पण कंपनीचे कागद कसे लिहिले जातात हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? एका कागदावर मीच लिहिलं होतं ना, तक्रारीत तथ्य नाही?

मी भांडं खाली ठेवलं. म्हणालो, "आत्ताच चहा झालाय."

द्वारकाबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मला सवय होती. त्यांनी ते भांडं उचललं, वरून धार धरून सगळं पाणी पिऊन टाकलं आणि पदराने तोंड पुसलं.

"आम्हाला ह्येच हाय साहेब," त्या म्हणाल्या. "द्या. सही कुठं करायची ती दावा."

मी दुसऱ्या पाइपाच्या संमतीचा कागद काढला आणि बोट ठेवून जागा दाखवली. त्यांनी कागद वाचला नाही. नाव सावकाश, एकेक अक्षर जोडून लिहिलं, आणि पुन्हा लसूण सोलायला बसल्या.